ज्येष्ठमधातला ‘ज्येष्ठ’ कोण?

दारव्ह्याजवळच्या एका खेड्यातून विचारणा आली आहे : कोरडी ढास लागली की आजी ‘जेठीमध’ तोंडात धरायला देते, शाळेत मात्र ‘ज्येष्ठमध’ हाच शुद्ध शब्द असून तो ज्येष्ठ महिन्यात काढलेला मध असल्याचे सांगतात. खरे काय, आणि तो घ्यावा कसा?

महिन्याची ही कथा मी यवतमाळपासून वर्ध्यापर्यंत इतक्यांदा ऐकली आहे की आता ती ऐकवत नाही. या वस्तूत मधाचा थेंबही नसतो. वरून तपकिरी, मोडले की आतून पिवळे आणि चिवट धाग्यांचे असे ते एका झुडपाचे मूळ आहे.

संस्कृत शब्द आहे ‘यष्टिमधु’, म्हणजे गोड काठी. शब्दारंभीच्या ‘य’चा प्राकृतात ‘ज’ होतो. यात्रेची जत्रा झाली, यंत्राचे जाते झाले, त्याच वाटेने यष्टीची जेठी झाली आणि पुढे संस्कृताच्या ओढीने तिला ‘ज्येष्ठ’ करण्यात आले. ‘ज्येष्ठ म्हणजे श्रेष्ठ गोडवा’ असा अर्थ काही जाणकार लावतात, तो मला मुळीच मान्य नाही; गुजरातीतही ‘जेठीमध’च म्हणतात, आणि त्यातली ‘ठी’ ज्येष्ठातून कशी आली हे या मंडळींनी एकदा सांगावे. आजीचा शब्द मुळाच्या अधिक जवळचा आहे.

खरा आनंद पुढेच आहे. पदांचा क्रम उलटला की ‘मधुयष्टि’ होते. यष्टीच्या ‘य’चा ‘ल’ होतो असे प्राकृत वैयाकरण सांगतात, आणि 12व्या शतकातल्या हेमचंद्राने त्याचे उदाहरण म्हणून ‘महुलट्ठी’ दिले आहे. आपल्या पानठेल्यावरची मुलेठी ती हीच! त्याच लट्ठीची लाठी झाली. म्हणजे किराणा दुकानातला जेठीमध, पानठेल्यावरची मुलेठी, कोतवालाच्या हातातली लाठी आणि पहिलवानाची शरीरयष्टी, या सगळ्यांत काठी एकच आहे.

लिहिताना ‘ज्येष्ठमध’ आता रूढ आहे, तो खुशाल लिहावा; आजीला मात्र दुरुस्त करू नये. ढासेसाठी बोटाच्या पेराएवढा तुकडा दाढेखाली धरून रस सावकाश गिळावा, म्हणजे खवखव शमते. रक्तदाब वाढलेल्यांनी आणि गर्भवतींनी तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.