पाणबुडी खाली-वर कशी होते? दोनशे मीटर खोलीवर टाकीतलं पाणी पंप बाहेर कसा काढतो?

तिथे ते काम पंप करतच नाही, हवा करते. मी बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत एअर कॉम्प्रेसर दुरुस्त करतो. पाणबुडीला कधी हात लावलेला नाही, पण दाबाखालच्या हवेशी रोजचा संबंध आहे.

बॅलास्ट टाक्यांना, म्हणजे बुडण्यासाठी पाणी भरून घ्यायच्या मोठ्या टाक्यांना, खाली भोकं असतात आणि बऱ्याच पाणबुड्यांत ती कायम उघडीच. तरी पाणी आत चढत नाही, कारण वरचे व्हेंट, म्हणजे हवा सोडायची झडपं, बंद असल्यानं हवेला निघायला वाट नसते. बुडी मारायची म्हणजे व्हेंट उघडायचे. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ठेवलेल्या कुरसुराच्या जातीची पाणबुडी पाण्यावर सुमारे १,९५० टन भरते, पाण्याखाली जवळजवळ २,४७५. या फरकाएवढं पाणी आपणहून आत येतं.

टाक्या भरल्या की पाणबुडी जेमतेम तरंगण्या-बुडण्याच्या सीमेवर येते. पुढची खोली ठरते वेगावर आणि आडव्या पंखांच्या कोनावर. पंपाची पाळी इथे येते, तीही वजन थोडंफार जुळवायच्या लहान ट्रिम टाक्यांपुरती. दर दहा मीटरला एक वातावरण, म्हणजे पृष्ठभागावर हवेचा असतो तेवढा, दाब वाढतो, पोलादी अंग किंचित आवळतं, कमी पाणी बाजूला सारतं, म्हणून बोट जड होते. तेवढं पाणी बाहेर टाकावं लागतं.

वर येतानाही सहसा पंखांच्या जोरावरच पृष्ठभागाजवळ यायचं, मग व्हेंट बंद करून, बाटल्यांत दाबून भरलेली हवा टाक्यांत सोडायची. उरलेलं पाणी कमी दाबाचा ब्लोअर ढकलतो. जपून ठेवलेली हवा उगाच कशाला उडवा! थेट दोनशे मीटरवरून उसळायचं असेल तर बाहेर २१ वातावरणांचा दाब असतो, पण बाटल्यांत त्याच्या कितीतरी पट. वर येता येता हवा फुगते आणि जादा झालेली त्याच खालच्या भोकांतून निघून जाते, म्हणून टाकी फुटत नाही.

खरी डोकेदुखी म्हणजे हवेतला ओलावा. पावसाळ्यात रिसीव्हरचा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेच्या टाकीचा, ड्रेन रोज उघडून साचलेलं पाणी काढा म्हणून मी गिऱ्हाइकांच्या मागे लागतो. इथे फार तर व्हॉल्व्ह गंजेल. पण पाणबुडीत दाबातली हवा एकदम सुटली की कडाक्याची थंड होते. १० एप्रिल १९६३ला अमेरिकेची थ्रेशर ही पाणबुडी १२९ जणांसह बुडाली. नंतर तशाच दुसऱ्या पाणबुडीवर टाक्यांत हवा सोडून पाहिली, तर ओलाव्याचा बर्फ होऊन हवेच्या वाटेतल्या गाळण्याच तुंबल्या. थ्रेशरच्या टाक्याही याच कारणानं रिकाम्या झाल्या नसाव्यात, असं मानलं जातं.