हुबेहूब बँकेचा वाटणारा ईमेल खोटा आहे हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की 'खातं २४ तासांत बंद होईल' असा ईमेल आलाय. लोगो बरोबर, भाषा शुद्ध, तुमचं नावही अचूक. नेमकं याच कारणासाठी मी म्हणेन, ईमेल कसा दिसतो यावर जाऊच नका. शुद्धलेखनाच्या चुका शोधायचा सल्ला आता जुना झाला. हल्लीचे बरेच खोटे ईमेल बिनचूक असतात.

पाठवणाऱ्याच्या नावावरही विसंबू नका. ईमेल पोचवण्याची मूळ पद्धत १९८२ साली ठरली, तेव्हा पाठवणारा खरा कोण हे तपासायची सोयच त्यात नव्हती. नंतर तपासण्या आल्या, पण त्या पत्त्यामागच्या डोमेनच्या, म्हणजे पत्त्यात '@' नंतर येणाऱ्या नावाच्या. नावाच्या जागी आजही कुणी काहीही लिहू शकतो. नावावर क्लिक करून पूर्ण पत्ता उघडून बघा.

लिंकचंही तसंच. वेबसाइटचं नाव शेवटाकडून वाचायचं. 'तुमचीबँक.खाते-तपासणी.कॉम' यात बँकेचं नाव आधी दिसतं, पण साइट 'खाते-तपासणी.कॉम'वाल्याची आहे. आणि ब्राउझरमधलं कुलूप बघून निर्धास्त होऊ नका. मधल्या वाटेत कुणी माहिती वाचत नाही, एवढंच ते सांगतं. पलीकडे चोर बसला असेल तरी कुलूप दिसू शकतं.

एवढं माहीत असूनही मी एकदा फसता फसता वाचले. एका पार्सलची वाट बघत होते आणि त्याच दिवशी 'पार्सल अडकलंय, लॉगिन करा' असा ईमेल आला. मी क्लिक केलं. पण एरवी आपोआप पासवर्ड भरणारा माझा पासवर्ड मॅनेजर गप्प राहिला. तो साइटचं रूप बघत नाही, पत्ता जुळतो का ते बघतो. तेव्हा कुठे मी पत्ता नीट वाचला. एक अक्षर जास्तीचं होतं. तेव्हापासून मी घरातल्या प्रत्येकाला पासवर्ड मॅनेजर लावून दिलाय.

म्हणून माझा एकच नियम आहे: ईमेलने दाखवलेल्या वाटेने जायचं नाही. बँकेचं ॲप स्वतः उघडा, किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करा. ईमेलमधल्या नंबरवर मात्र नको. ऑफिसात 'आमचा खाते क्रमांक बदललाय, बिलाचे पैसे इथे भरा' असं आलं, तरी आधीपासून जवळ असलेल्या नंबरवर विचारूनच पैसे पाठवा. २०१३ ते २०१५ या काळात गूगल आणि फेसबुकसारख्या कंपन्यांनीही खोट्या बिलांपायी १० कोटी डॉलरहून जास्त रक्कम भलत्याच खात्यांत भरली होती.

तुम्ही ईमेल नुसता उघडून वाचला असेल, तर सहसा काही बिघडत नाही. स्पॅम म्हणून कळवा आणि काढून टाका. पण लिंकवर जाऊन पासवर्ड किंवा ओटीपी दिला असेल, तर लाजत बसू नका. आत्ताच बँकेला फोन करा, मग पासवर्ड बदला, आणि तोच पासवर्ड जिथे जिथे वापरलाय तिथेही बदला.