पहिली खिशातली रिव्हॉल्व्हर: सल्ला

अमेरिकेत परवाना काढून पहिल्यांदाच रिव्हॉल्व्हर बाळगणार असाल, तर .३५७ मॅग्नम या जोरदार काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरच्या मोहात पडू नका. हलक्या फ्रेममध्ये तिचा झटका हात बधिर करतो, आणि मग सराव बंद पडतो. .३८ स्पेशल हे सौम्य काडतूस पुरे.

स्मिथ अँड वेसन ६४२ घ्या: पाच गोळ्या, वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आत-बाहेर, हॅमर (काडतुसावर आघात करणारा घोडा) आत झाकलेला, त्यामुळे खिशाच्या कापडात अडकत नाही. ट्रिगर मात्र जड. डमी काडतुसं घालून रोज थोडा कोरडा सराव (गोळी न झाडता नुसता ट्रिगर ओढण्याचा) करा. खरी काडतुसं त्या वेळी दुसऱ्या खोलीत.

काडतुसांची निवड जास्त अवघड. पावणेदोन-दोन इंची नळीतून वेग कमी मिळतो, म्हणून बरीच हॉलो पॉइंट (टोकाला पोकळी असलेल्या, लागल्यावर फुलणाऱ्या गोळ्या) फुलतच नाहीत. हात नवा असेल तर १४८ ग्रेनचं (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) वॉडकटर, म्हणजे सपाट तोंडाच्या गोळीचं काडतूस बरं: झटका कमी, नेम टिकतो. फक्त त्या सपाट तोंडामुळे घाईत भरताना अडखळतं.

जोरदार काडतूस निवडलंत तर रेंजवर एक चाचणी करा. पाच भरा, चार झाडा, पाचवं न झाडता काढून डब्यातल्या नव्या काडतुसाशेजारी उभं धरा. झटक्यांनी त्याची बुलेट केसमधून (काडतुसाच्या नळकांड्यातून) पुढे सरकलेली दिसली तर तो माल नको. बाहेर आलेल्या बुलेटमुळे सिलिंडर (काडतुसांचा फिरता भाग) तिथेच अडकतो.

रिकाम्या केसेस काढताना नळी आभाळाकडे, आणि इजेक्टरवर (केसेस बाहेर ढकलणाऱ्या दांड्यावर) तळव्याने एकच सणसणीत फटका. हळू दाबलं तर आखूड दांड्यामुळे एखादी केस अर्धवट लटकते.

खिशात होल्स्टर हवंच, ट्रिगर पूर्ण झाकणारं. त्या खिशात किल्ल्या, नाणी, काहीही नाही.