बायडन यांच्या पक्षाकडे दोन्ही सभागृहे असताना शैक्षणिक कर्जमाफीचा कायदा का झाला नाही?

बहुमत होते, पण नावापुरतेच. २०२१-२२ मध्ये सिनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, ५०-५० अशी बरोबरी होती, उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्या निर्णायक मतावर गाडा चालत होता आणि बहुतेक विधेयकांवरील चर्चा थांबवून ती मतदानाला आणण्यासाठी तर ६० मते लागतात. म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये बायडन यांनी २००३ च्या एका कायद्याच्या आधारे १०,००० डॉलरपर्यंत, तर पेल अनुदान (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारे सरकारी शिक्षण-साहाय्य) घेतलेल्यांना २०,००० डॉलरपर्यंत माफी जाहीर केली. ती सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२३ रोजी ६ विरुद्ध ३ मतांनी रद्द केली. मात्र माझ्या मते, खरी गोम त्याच महिन्याच्या सुरुवातीस उघड झाली होती. माफी रद्द करणारा ठराव सिनेटने ५२-४६ असा संमत केला, तेव्हा मॅन्चिन आणि टेस्टर हे बायडन यांचे स्वपक्षीय सिनेटरच विरोधकांसोबत गेले आणि बायडन यांना नकाराधिकार वापरावा लागला.