सोडियम मऊ की मृदू?

प्रश्न असा आहे: मुलाने उत्तरात 'सोडियम हा मऊ धातू आहे' असं लिहिलं आणि 'मऊ' खोडून तिथे 'मृदू' केलं गेलं. शास्त्राच्या लेखनात 'मऊ' चूक आहे का? 'नरम' किंवा 'ठिसूळ' चाललं असतं का?

'मऊ' बिलकूल चूक नाही. मुळात हा एकच शब्द आहे. संस्कृत 'मृदु'चं प्राकृतात 'मउ' झालं आणि मराठीत 'मऊ'. पुढे दोघांनी कामं वाटून घेतली. भात मऊ, गादी मऊ. स्पर्शाला कळतं ते मऊ. आवाज मृदू, स्वभाव मृदू. 'मृदू पाणी' म्हणतो तेही साबणाचा फेस चांगला होतो म्हणून, हाताला ते पाणी वेगळं लागत नाही.

सोडियमचा गुण मात्र सुरीला कळणारा आहे. शाळेत बाईंनी रॉकेलच्या बाटलीतून चिमट्याने तुकडा काढला, गाळणकागदावर टिपला आणि सुरीने कापला. फ्रीजमधल्या लोण्यासारखा कापला गेला! आत चांदीसारखी चकाकी, आणि बघता बघता ती मावळली. खनिजांचा कठीणपणा १ ते १० अंकांत सांगणाऱ्या मोहसच्या काठिण्यश्रेणीत नखाने ओरखडणारं शंखजिरं १ वर; सोडियम त्याच्याही खाली, साधारण ०.५. याला मी तरी 'मऊ'च म्हणेन.

'नरम' फारसीतून आलेला. आपण तो बहुधा आधी कडक असलेल्या वस्तूला लावतो: पापड नरम पडला. सोडियम मुळातच मऊ. आणि 'ठिसूळ' तर नकोच. ठिसूळ म्हणजे चटकन तुटणारं, मग ते काचेसारखं कठीण का असेना. सोडियमची दाबयंत्रातून तार निघते.

जाता जाता, याच धड्यातली एक खरी चूक सुधारून घ्या. 'सोडियम पाण्यात विरघळतो' असं सर्रास लिहिलं जातं. त्याची घनता ०.९७, पाण्याच्या १ पेक्षा कमी, म्हणून तुकडा तरंगतो. पाण्याशी होणाऱ्या अभिक्रियेची उष्णता एवढी असते की तो वितळून गोळी होते. द्रवणांक फक्त ९८ अंश सेल्सिअस. गोळी सुंसुं करत पाण्यावर पळते, हायड्रोजन बाहेर पडतो. 'वितळणं' उष्णतेने, 'विरघळणं' द्रवात. इथे वितळतो तो सोडियम, विरघळतं ते त्याच्यापासून तयार झालेलं सोडियम हायड्रॉक्साइड.