एस्पेरांतोत ‘काऊन बे’ला जागा आहे का?

वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असून मोबाईलवरून एस्पेरांतो ही मुद्दाम घडवलेली आंतरराष्ट्रीय भाषा शिकत आहे. ज्यांच्याशी सरावासाठी लिहिणे-बोलणे होते, त्यांतील तरुण मंडळी ‘सालूतोन’ असा पूर्ण नमस्कार न करता नुसते ‘साल’ म्हणतात आणि निरोप घेताना ‘जिस’ म्हणून मोकळी होतात. एका वयस्कर सदस्यांनी मात्र आम्हाला बजावले की, ही भाषा जगातील सर्वांना सारखी समजावी म्हणून नियमांनी बांधलेली आहे आणि तीत अशी चावडीवरची बोली आणणे म्हणजे तिचा पायाच उखडणे होय. आमच्या गावात ‘काऊन बे’ म्हटल्याशिवाय मित्राशी बोलल्यासारखे वाटत नाही, त्यामुळे त्यांचे म्हणणे मला पटत नाही. यात योग्य काय?
— एक विद्यार्थी, तालुका दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : अनौपचारिक बोलीला एस्पेरांतोत जागा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र त्या सदस्यांची काळजी उडवून लावण्यासारखी नाही, आणि ती नेमकी कोठे लागू पडते हे पाहिले पाहिजे.

प्रथम पायाविषयी. एस्पेरांतोचे जनक लुडविक झामेनहोफ यांनी 1887 साली वॉर्सा येथे या भाषेचे पहिले पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा त्यातच त्यांनी जाहीर केले की, आंतरराष्ट्रीय भाषा ही कोणत्याही राष्ट्रीय भाषेप्रमाणे सर्वांची सामाईक मालमत्ता असून तिच्यावरील आपले सर्व वैयक्तिक हक्क आपण कायमचे सोडत आहोत. पुढे 1905 मध्ये फ्रान्समधील बुलोन-सुर-मेर येथे भरलेल्या पहिल्या जागतिक अधिवेशनात ‘फुंदामेन्तो’ हा ग्रंथ भाषेचा अचल आधार म्हणून मान्य झाला. त्यात व्याकरणाचे 16 नियम, सरावपाठ आणि मूळ शब्दकोश आहे, आणि त्यात बदल करण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण अचल आहे तो एवढाच भाग. जुने मोडू नये आणि नवे जोडण्यास मुभा असावी, अशी ही व्यवस्था असल्यामुळे, एखादा शब्द केवळ गप्पांत जन्मला म्हणून तो पायाविरुद्ध आहे, असे म्हणता येत नाही.

आता तुमचे दोन शब्द जवळून पाहू. ‘जिस’ याचा अर्थ ‘पर्यंत’. ‘जिस ला रेवीदो’, म्हणजे पुन्हा भेट होईपर्यंत, या निरोपातील पुढचा भाग गाळून उरलेला हा शब्द आहे. शब्दाचे रूप अबाधित आहे, अर्थही कोशात सापडतो आणि पुढे काय गाळले आहे हे नवशिक्याच्याही लक्षात येते. ‘साल’चे तसे नाही. मुळात ‘सालूतोन’ हेच एक संक्षिप्त वाक्य आहे. शेवटचा ‘न’ हा कर्माचा प्रत्यय असून ‘मी तुम्हाला नमस्कार देतो’ यातील क्रियापद अध्याहृत ठेवल्यामुळे तो तेथे राहिला आहे. आपणही नुसते ‘नमस्कार’ म्हणतो आणि ‘करतो’ मनात ठेवतो. ‘साल’ म्हणताना मात्र प्रत्ययाबरोबर धातूचाही निम्मा भाग तोडला जातो. सोळावा नियम नामाचा शेवटचा ‘ओ’ गाळण्याची परवानगी देतो, त्यापलीकडे नाही. आणि कोशात ‘साल’ शोधायला गेलेल्या नवशिक्याच्या हाती मीठ लागते, कारण ‘सालो’ म्हणजे मीठ. म्हणून ‘जिस’ मी कोठेही निःसंकोच वापरीन आणि ‘साल’ ओळखीच्या मंडळींपुरतेच ठेवीन. ते अशिष्ट आहे म्हणून नव्हे, तर बाहेरून आलेल्या माणसाला ते स्वतःच्या बळावर उलगडता येत नाही म्हणून.

याच कसोटीवर या भाषेची स्वतःची बोली किती समृद्ध आहे, हे त्या सदस्यांना अवश्य दाखवा. सगळ्यांना एस्पेरांतो येत असताना एखाद्याने आपल्याच देशातील माणसाशी मातृभाषेत बोलणे सुरू केले, तर त्याला ‘क्रोकोदीली’, म्हणजे मगरपणा करणे, असे म्हणतात. चळवळीत आघाडीवर राहून अचानक अंग काढून घेणाऱ्यासाठी ‘काबेई’ हे क्रियापद आहे. काझिमिएश बेइन हे पोलिश नेत्रवैद्य ‘काबे’ या नावाने लिहीत, त्यांच्या गद्यशैलीचा मोठा दबदबा होता, आणि 1911 मध्ये त्यांनी या भाषेकडे पाठ फिरवली. त्यांच्या टोपणनावाला क्रियापदाचा प्रत्यय लागून हा शब्द झाला. तरुणांचा लाडका ‘मोयोसा’, म्हणजे झकास, हा तर ‘आधुनिक-तरुण-शैलीचा’ या अर्थाच्या तीन शब्दांच्या आद्याक्षरांपासून घडला. त्याचे मूळ सांगितल्याशिवाय कळत नाही, हे खरे. पण एकदा कळल्यावर तो भाषेचे सर्व उपसर्ग-प्रत्यय बिनतक्रार घेतो आणि ‘मालमोयोसा’ म्हटले की उलटा अर्थ आपोआप तयार होतो. हे शब्द कोणत्याही एका देशाच्या बोलीतून उचललेले नाहीत, आणि म्हणूनच ते जपानमधील माणसाइतकेच ब्राझीलमधील माणसाचेही आहेत. खरे अडते ते कोणी आपल्या देशातील टपोरी वाक्प्रचार शब्दशः एस्पेरांतोत ओततो आणि समोरच्याला तो समजेल असे गृहीत धरतो तेव्हा. ‘डोक्याचं दही करू नको’ याचे शब्दाला शब्द लावून भाषांतर केलेत, तर पलीकडच्या माणसाला दही तेवढे कळेल.

अभिवादनाबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या विदर्भातील खेड्यात सकाळी एस.टी.च्या थांब्यावर उभे राहिले, तर ‘राम राम’, ‘जय भीम’, ‘जय गुरू’, ‘सलाम’ आणि पूर्वेकडे गेल्यास ‘जय सेवा’ असे सारे ऐकू येते. त्यातील प्रत्येकामागे श्रद्धा आणि इतिहास आहे, आणि त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण माणूस कोणत्या मोहल्ल्यातून आला हेही त्या दोन शब्दांतच समजते. झामेनहोफ यांचे बालपण ज्या बियालिस्तोक शहरात गेले, तेथे रशियन, पोलिश, जर्मन आणि ज्यू लोक आपापल्या भाषा बोलत आणि एकमेकांकडे वैराने पाहत. त्या अनुभवातूनच आपल्याला ही भाषा सुचली, असे त्यांनी स्वतः एका पत्रात लिहून ठेवले आहे. ‘सालूतोन’ म्हणणाऱ्याची जात, धर्म किंवा देश त्या शब्दावरून ओळखता येत नाही. तरुणांनी आपल्या कंपूची खूण म्हणून नवी अभिवादने काढावीत आणि ती न येणाऱ्याला परके ठरवावे, असे जेथे घडेल, तेथे मी त्या वयस्कर सदस्यांच्या बाजूने उभा राहीन. केवळ प्रेमाने आणि घाईने शब्द आखूड होत असेल, तर तुमच्या बाजूने.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. एस्पेरांतोत गुरुजींना आणि नातवाला एकाच ‘वी’ या सर्वनामाने संबोधतात, असे वाचले. मग आदर आणि सलगी यांतील भेद बोलणाऱ्याने दाखवायचा तरी कसा?
— एक वाचक, तालुका आर्वी, जि. वर्धा

उत्तर : आपण वाचले ते बरोबर आहे. ‘तू’साठी ‘त्सी’ हे सर्वनाम ‘फुंदामेन्तो’त आहे; परंतु तेथील सरावपाठातच कंसात नोंद आहे की, ‘त्सी’च्या जागी सामान्यतः ‘वी’ वापरतात. त्यामुळे ‘त्सी’ कवितेपुरते किंवा क्वचित हौसेपुरते उरले. मला ही निवड योग्य वाटते. आपल्याकडे आईला ‘तू’ आणि विठ्ठलालाही ‘तू’च म्हणतात, तर दोन गावांपलीकडच्या समवयस्काला ‘तुम्ही’ म्हणावे की ‘तू’, याचा अंदाज घ्यावा लागतो. निरनिराळ्या देशांतील माणसांनी एकमेकांच्या मानपानाचे असे संकेत कोठून शिकावेत?

सलगीसाठी दुसरी सोय आहे आणि ती फार गोड आहे. पुरुषवाचक शब्द आखडून त्याला ‘च्य’ आणि स्त्रीवाचक शब्दाला ‘न्य’ लावला की लाडाचे रूप होते. ‘पात्रो’ म्हणजे वडील, त्यांचे ‘पाच्यो’. ‘पात्रीनो’ म्हणजे आई, तिचे ‘पान्यो’. ज्या घरांत आई-वडिलांच्या मातृभाषा वेगवेगळ्या आहेत आणि मुलांशी एस्पेरांतोतूनच बोलले जाते, तेथे मुले अशाच हाका मारतात. हे प्रत्यय झामेनहोफ यांनीच दिलेले आहेत, तेव्हा जिव्हाळ्याच्या बोलण्याला या भाषेत मज्जाव होता, असे कोणी म्हणू नये.

प्रश्न : माझ्या भाचीला पोलंडमधील एका मैत्रिणीला पहिले पत्र लिहायचे आहे. सुरुवात कशी करावी? आणि मध्ये आपले ‘राजेहो’ घातले तर चालेल का?
— एक वाचक भगिनी, तालुका चांदूर बाजार, जि. अमरावती

उत्तर : समवयस्क मैत्रिणीला ‘कारा अमीकीनो’, म्हणजे प्रिय मैत्रिणी, असे पहिल्याच पत्रात लिहिण्यास हरकत नाही, वडीलधाऱ्या व्यक्तीला लिहिताना मात्र ‘एस्तीमाता’, म्हणजे माननीय, या शब्दाने आरंभ करावा. शेवटी ‘अमीके’, म्हणजे स्नेहपूर्वक, असे लिहून सही करावी. ‘राजेहो’ अवश्य घालावे, पण आमच्या वऱ्हाडात चारचौघांना आपुलकीने असे संबोधतात, हे त्याच वाक्यात एस्पेरांतोतून सांगावे, म्हणजे ते कोडे न राहता भेट होईल. पहिल्या पत्रात खुशाली विचारताना ‘कीएल वी फार्तास?’ हे पूर्ण वाक्य बरे. उत्तर आले आणि गट्टी जमली की पुढच्या पत्रापासून ‘कीओ नोवा?’, म्हणजे ‘काय नवीन?’, एवढे पुरे.