शिकायला लागले आणि येईनासं झालं

"मॅडम, शिकायला लागल्यापासून मला काहीच येईनासं झालंय."

समुपदेशनाच्या कामात हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता पुढचं वाक्यही आधीच कळतं. सीए करणारा मुलगा म्हणतो, गाण्याच्या क्लासला जाणारी गृहिणी म्हणते, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची मुलगी म्हणते. म्हणून आज एकीची हकीकत सांगते, तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून. चार महिन्यांच्या भेटी इथे थोडक्यात आल्या आहेत.

ती डिझाईनच्या दुसऱ्या वर्षाला होती. गावाकडे शाळेच्या फळ्यावरचा सुविचार तिनेच लिहायचा, गणेश मंडळाचा फलक तिनेच रंगवायचा. 'हिचं अक्षर म्हणजे मोती' हे ऐकतच ती मोठी झाली. मग कॉलेजात टायपोग्राफी (छपाईच्या अक्षरांची मांडणी) आणि लेटरिंग (हाताने अक्षरं रेखाटणं) हे विषय लागले. पहिल्याच क्रिटमध्ये, म्हणजे सगळ्यांसमोर कामाची चिकित्सा होते त्या तासाला, भिंतीवर लावलेल्या तिच्या कागदावर सरांनी लाल पेनने आठ गोल काढले. त्यानंतरची दोन सबमिशन्स तिने दिलीच नाहीत. घरी वडील म्हणाले, "एवढी फी भरून अक्षर काढायला शिकवतात होय?" ती माझ्याकडे आली तेव्हा कोर्स सोडायचं जवळजवळ ठरलं होतं.

मी विचारलं, "सरांनी नेमकं काय म्हटलं?"

"दादर लिहायला दिलं होतं. रेल्वेच्या पाटीसारखं." तिने माझ्याच पॅडवर शब्द काढला. "पहिल्या 'दा'ला काना आहे, तो सरळ उभा राहतो. पण शेवटचे 'द' आणि 'र' बघा. दोघांनाही दंड, म्हणजे पूर्ण उभी रेघ, नाही. दोघं शिरोरेषेला नुसते लटकलेत, म्हणून खाली भोक पडतं. मला ते भोक दिसलंच नव्हतं."

मी आयुष्यभर दादरला उतरत आले. ते भोक मलाही कधी दिसलं नव्हतं.

त्या दिवसांत ती रात्ररात्र कमल शेडगे यांनी हाताने काढलेली मराठी नाटकांची शीर्षकं बघत बसायची. र. कृ. जोशी यांची सुलेखनं बघायची. "ते बघितलं की हातातला बोरू खाली ठेवावासा वाटतो," असं म्हणाली.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ वाटेने काम करते, म्हणजे त्रास देणारा हट्टी विचार ओळखून तो बदलायला शिकवते. आमच्याकडे मराठीत एक फार सोयीचं अक्षर आहे, 'च'. 'मला जमलंच पाहिजे' यातला 'च' माणसाला दमवतो. तो काढून 'मला जमावं' असं म्हणता आलं की श्वास मोकळा होतो. हे मी शेकडो वेळा अनुभवलंय, म्हणून तिलाही सांगितलं. तिने मान डोलावली, वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात म्हणाली, "मॅडम, 'च' काढला, पण कागदासमोर बसलं की तो परत येतो."

मग मी तिला कॉलेजच्या पहिल्या आठवड्यातली वही आणायला सांगितली.

वही आली. पहिल्या पानावर शाईने ठसठशीत 'खरेदी' लिहिलेलं होतं. त्यावर तेव्हा ती खूश होती, घरी फोटोही पाठवला होता. मी म्हटलं, "यात काय चुकलंय ते सांग."

ती सुरू झाली ती थांबेचना. "हा 'ख' बघा, खाली जोडलेलाच नाही. 'रव' वाचला जातोय. बोरू मध्येच फिरलाय, म्हणून 'द'ची जाड रेष भलतीकडे आली. 'रे'ची मात्रा 'ख'वर कलंडलीय. शिरोरेषा इथे जाड, तिथे बारीक. आणि 'र'नंतर ही एवढी जागा..."

मी घड्याळ बघत होते. सहा मिनिटं ती बोलत होती.

"यातलं तुला तेव्हा किती दिसलं होतं?"

ती गप्प झाली. पान उलटलं, परत मागे आली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "काहीच नाही."

"मग या वर्षभरात तू काय शिकलीस?"

ती रडली नाही. वही जवळ ओढून 'ख'वरून बोट फिरवत बसली. मी काही बोलले नाही. त्या दहा मिनिटांसाठी मी हे काम करते असं मला आजही वाटतं.

मला तिच्यामुळे उमगलेलं ते असं. शिकताना आधी नजर तयार होते, हात मागून येतो. मधल्या काळात माणसाला स्वतःची प्रत्येक चूक स्वच्छ दिसते, पण दुरुस्त करता येत नाही. हा काळ सगळ्यात जड, आणि नेमकं तेव्हाच 'माझ्यात नाहीच' असं ठरवून लोक सोडून देतात. खरं तर चूक दिसणं हीच तेव्हाची कमाई असते.

म्हणून तुमच्यापैकी कोणी या टप्प्यावर असेल तर जुनं काम फेकू नका. प्रत्येक कागदाच्या मागे तारीख घाला. स्वतःची तुलना करायचीच तर त्या तारखेशी करा. ज्यांनी पन्नास वर्षं अक्षरं काढली त्यांच्याकडून शिकायला बसा, त्यांच्याशी मोजायला नको. आणि एक अक्षर बिघडलं तर तेवढंच पुन्हा काढा. ती 'र' खोडायची तेव्हा बाकीचा शब्द जपून ठेवायची, स्वतःच्या बाबतीत मात्र अख्खा कागद फाडायची. हे तिला दाखवल्यावर ती पहिल्यांदा मोकळी हसली.

आईवडिलांना एवढंच सांगेन की 'तुझं अक्षर आधी किती छान होतं' हे म्हणू नका. प्रेमाने म्हणता, पण ऐकणाऱ्याला ते मागे ओढतं. त्यापेक्षा 'आज काय दिसलं?' असं विचारा. तिच्या वडिलांनी एका रविवारी ते विचारलं आणि तिने त्यांना गावातल्या किराणा दुकानाच्या पाटीसमोर अर्धा तास उभं केलं.

तिला त्या विषयात फार मोठे मार्क पडले नाहीत, पण राहिलेली दोन्ही सबमिशन्स तिने दिली. परवा तिने फोटो पाठवला. 'दादर', सत्ताविसाव्यांदा. भोक बरंच भरलंय. खाली कोपऱ्यात तारीख आणि पेन्सिलीने बारीक लिहिलेलं: 'र' अजून लांब पडतोय.